ऐकू येतंय, कळत नाही

आमच्या बेळगावच्या वडगावातल्या घरात गेली पाच-सहा वर्षं संध्याकाळी सात ते दहा एक प्रश्न ठरलेला असायचा, "काय म्हटला रे तो?" अप्पा खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढून बसणार, आवाज पंचेचाळीसवर, आई स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता वैतागलेली, गल्लीच्या तोंडाशी उभ्या माणसालाही आमच्याकडं कुठली मालिका चाललीय ते समजावं एवढा दणका, आणि एवढं असूनही दर दोन-तीन मिनिटांनी अप्पा मागं वळून विचारणार, काय म्हटला.

मी कधी सांगायचो, कधी चिडायचो. एवढं मोठं लावलंय अप्पा, तरी कसं ऐकू येत नाही तुम्हाला? त्यावर त्यांचं उत्तरसुद्धा ठरलेलं. "ऐकू येतंय रे. कळत नाही."

मला हा बरीच वर्षं नुसता हट्ट वाटायचा. आता वाईट वाटतं, कारण त्या वाक्यात जे आहे ते समजायला मला कानाच्या डॉक्टरांकडं जावं लागलं आणि मग जवळजवळ वर्षभर रिसीव्हर, स्पीकर, ओहम, डेसिबल यांत डोकं घालावं लागलं. लोक होम थिएटर घेतात ते थिएटरसारखा दणका घरात यावा म्हणून, मी घेतलं ते अप्पांना सिनेमातला माणूस काय बोलतोय ते कळावं म्हणून, आणि एवढा एक हेतू बदलला की सगळी निवडच बदलते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितोय.

अप्पांनी अडतीस वर्षं माग चालवले. वडगाव, खासबाग, शहापूर या भागात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना सांगायला नको, सकाळी डोळे उघडायच्या आधी कानात मागाचा खडखडाट असायचा आणि झोप लागताना पण तोच. आमच्या घराला लागूनच शेड, त्यात चार यंत्रमाग, पत्र्याचं छप्पर, धोटा एका टोकाकडनं दुसऱ्या टोकाला आपटतोय तो मिनिटाला शंभराच्या वर वेळा, आणि चारही माग एकदम. आत गेलं की तोंडाला तोंड लावून ओरडलं तरी उपयोग नाही. म्हणून शेडातली माणसं ओठांनीच बोलायची. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे, समोरच्याला कळायचं, कांडी संपली, चहा आलाय, बीम बदलायचाय. लहानपणी मला ती जादू वाटायची. अप्पांना ती सवय इतकी की आजही ते बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघत नाहीत, तोंडाकडं बघतात. कानात कापूस घालावा, काही झाकावं, हे त्या काळात आमच्या गल्लीत कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

डॉक्टरांनी कानाची तपासणी केली, कागदावर आलेख काढून दिला. डावीकडं खालच्या पट्टीतले सूर, २५० हर्ट्झपासून सुरू, उजवीकडं वरच्या पट्टीतले, ८००० पर्यंत. अप्पांची रेघ सुरुवातीला बरी चालत आली आणि २००० च्या पुढं गेली तशी घाटातल्या रस्त्यासारखी खाली, ४००० ला सगळ्यात खोल. म्हणाले, आयुष्यभर गोंगाटात काम केलेल्या माणसाचा कान बहुतेक असाच ४००० च्या आसपास आधी जातो, आणि वय झालं की वरचे सूर आणखी कमी होतात. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी अजून विसरलो नाही. बोलण्यातला जोर स्वरांत असतो, आ, ई, ऊ यांत, ते खालच्या पट्टीत असतात आणि अप्पांना व्यवस्थित ऐकू येतात. पण अर्थ पोचवतात ती व्यंजनं, आणि त्यातली स, श, त, क, फ ही बारीक, हळू आणि वरच्या पट्टीतली. ताट, ताक, ताप, तास हे चार शब्द घ्या. अप्पांना चारही वेळा 'ता' ऐकू येतो, पुढचं अक्षर गळतं. आवाज वाढवला की 'ता' अजून मोठा होतो, शेवटचं अक्षर तिथंच राहतं.

ऐकू येतंय, कळत नाही. माणूस शब्दशः खरं सांगत होता.

श्रवणयंत्र घेतलं, आणि हे मी आधीच स्पष्ट लिहितो की स्पीकर हा त्याला पर्याय नाही, घरात असा कुणी असेल तर पहिल्यांदा कान तपासून घ्या, दुकान नंतर. अप्पा यंत्र घालतात, पाहुणे आले की, बँकेत जाताना, देवळात. पण संध्याकाळी दोन-तीन तास टीव्हीसमोर ते नको वाटतं त्यांना, पंख्याचा आवाज, भांड्यांचा आवाज सगळं एकदम डोक्यात घुसतंय म्हणतात. तर ते संध्याकाळचे तीन तास मला सोडवायचे होते.

आता टीव्हीचं बघा. जुन्या डब्ब्या टीव्हीला पुढच्या बाजूला स्पीकर असायचा, तोंड आपल्याकडं. हल्लीचे टीव्ही वहीसारखे पातळ, स्पीकर खाली नाहीतर मागं तोंड करून, म्हणजे बोलणारा माणूस भिंतीकडं तोंड करून बोलतोय, आणि भिंतीवर आपटून जे येतं त्यात ही बारीक अक्षरंच आधी मरतात. याउलट थिएटर. अप्पा तरुणपणी चित्रा, प्रकाशला जायचे, कधी कॅम्पातल्या ग्लोबला, आणि त्यांची अजून तक्रार असते की तिथं सगळं कळायचं. त्याचं एक कारण कान तरुण होते हे तर आहेच, पण दुसरं म्हणजे थिएटरच्या पडद्याला बारीक बारीक भोकं असतात आणि स्पीकर पडद्याच्या मागं उभे असतात, आवाज नटाच्या तोंडाच्या जागेवरनंच थेट समोर येतो. घरी मला नेमकं तेच पाहिजे होतं, तोंडाच्या जागेवरनं, सरळ, आणि भिंतींची भेसळ कमी.

दुकानं फिरायला लागलो. गावातल्या एका दुकानात शिरलो तर "बर्री सर, इदु केळ्री", या सर, हे ऐका, म्हणून त्या पोरानं जी मारामारी लावली ती शोकेसच्या काचा थरथरेपर्यंत. अप्पा माझ्याबरोबर होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून शांत बसलेले. मी म्हटलं बातम्या लाव. त्याला समजेना, बातम्या कशाला? मी म्हटलं लाव की. आणि मी अप्पांची खुर्ची उलटी फिरवली, पाठ टीव्हीकडं. ओठ दिसले तर ते ओठांवरनं ओळखतात, मग स्पीकरची परीक्षा कशी होणार. बातमीदार एक वाक्य बोलला की मी थांबवायचो आणि अप्पांनी ते परत म्हणायचं, दहा वाक्यं, मी वहीत बरोबर-चूक लिहीत गेलो. घरी आमच्या टीव्हीवर दहातली चार आली होती. इथं त्या मोठ्या पेटीवर, हजार वॉट लिहिलेल्या, पाच. चांगल्या साउंडबारवर सहा. नंतर पुण्याला कामासाठी गेलो तेव्हा अप्पांनाही नेलं आणि एका दुकानाच्या डेमो रूममध्ये वेगळा सेंटर म्हणजे मधला स्पीकर असलेल्या सेटवर तीच परीक्षा घेतली, आठ आली. नववं वाक्य अर्धं. त्या वहीच्या पानानं माझा निर्णय केला, कुठल्याही रिव्ह्यूनं नाही.

त्या हजार वॉटबद्दल. पेटीवर पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा, असं लिहिलेलं दिसलं तर तो आकडा वाचायचाच नाही, त्याला काही अर्थच नाही. पण नावाजलेल्या रिसीव्हरांचे, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन स्पीकरांना ताकद देणाऱ्या यंत्रांचे, आकडेही नीट वाचावे लागतात. एकाच यंत्राच्या कागदावर मला ७० वॉट, १०० वॉट आणि १३५ वॉट असे तीन आकडे मिळाले. तिन्ही खरे. ७० हा दोन चॅनल, म्हणजे दोन स्पीकरांच्या वाटा, चालू ठेवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ सगळ्या पट्टीत, आवाज न फाटता. १३५ हा एकच चॅनल, एकच सूर, आणि १० टक्के विकृती, म्हणजे आवाजाचं फाटणं, चालवून घेतली तर. दुकानदार १३५ सांगतो. आपण ७० धरायचे, आणि तेही किती ओहमला, म्हणजे स्पीकरच्या किती विद्युत अडथळ्याला, दिलेत ते बघायचं.

आणि खरं तर तेवढेही लागत नाहीत हो. स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते, आमच्या स्पीकरची ८८ डेसिबल. म्हणजे १ वॉट दिला की १ मीटरवर ८८ डेसिबल आवाज. अप्पांची खुर्ची नऊ फुटांवर, तिथपर्यंत जाईतोवर आठ-नऊ डेसिबल कमी होतात, बंद खोलीत त्याहून थोडे कमीच, म्हणजे एका वॉटात त्यांच्या कानाशी ८० च्या आसपास. समोरासमोर बसून दोन माणसं बोलतात ते ६० ते ६५. वॉट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे ७० चा रिसीव्हर सोडून १४० चा घेतला तर कानाला जेमतेम फरक कळेल. एकदम मोठा आवाज येतो तेव्हा फाटू नये म्हणून हाताशी थोडी जास्त ताकद असावी, बास. हे गणित वहीत मांडून बघितलं त्या रात्री मला हलकं वाटलं, कारण तोपर्यंत मी पैशाचा हिशोब वॉटवर करत होतो.

पैसे जायला पाहिजेत ते सेंटरला. सिनेमाच्या ५.१ मिक्समध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांच्यासाठी केलेल्या आवाजात, संवाद बहुतेक सगळे मधल्या चॅनलमध्येच ठेवलेले असतात. तुमच्याकडं दोनच स्पीकर असतील तर ते संवाद डावी-उजवीत सारखे वाटले जातात आणि बरोबर मध्ये बसलात तर आवाज मधनं आल्याचा भास होतो. पण तो भासच. डाव्या स्पीकरचा आवाज डाव्या कानाला आधी पोचतो आणि उजव्याला क्षणभर उशिरा, उजव्याचा उलटा, दोन्ही आवाज एकमेकांवर पडतात आणि २००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. तरुण कानाला तो जाणवतही नाही. अप्पांच्या आलेखातली रेघ जिथनं खाली उतरायला लागते तिथंच हा खड्डा. खऱ्या सेंटर स्पीकरला हा प्रकारच नाही, एकच जागा, एकच आवाज.

मग कुठला सेंटर? दुकानात मिळतात ते आडवे, मध्ये बारीक सुरांचा ट्वीटर आणि दोन बाजूंना जाड सुरांचे दोन वूफर, टीव्हीखाली छान बसतात. समोर बसणाऱ्याला चांगलेही असतात. पण बाजूला सरकून बसलं की दोन वूफरांचं अंतर वेगवेगळं होतं आणि मधल्या पट्टीतले काही सूर एकमेकांना खातात. आमच्याकडं टीव्हीच्या बरोबर समोर खाट आहे, त्यावर आई आणि पोरं बसतात, अप्पांची खुर्ची खिडकीजवळ, बाजूला, आणि ती जागा ते सोडणार नाहीत, मीही सांगणार नाही. म्हणून मी सेंटरच्या जागी पण साधा उभा बुकशेल्फ स्पीकर ठेवायचं ठरवलं, डावा, मधला, उजवा तिन्ही एकसारखे. अडचण एवढीच की ते जोडीनंच मिळतात. दोन जोड्या घेतल्या. चौथा स्पीकर माळ्यावर आईनं जुन्या साडीत गुंडाळून ठेवलाय, आणि वर काही काढायला गेली की विचारते, ह्याचं काय करणार आहेस.

मागचे सराउंड स्पीकर मी घेतलेच नाहीत. निपाणीला माझ्या मित्राकडं अॅटमॉसचा सेट आहे, छतात स्पीकर बसवलेले, तिथं पावसाचा सीन बघितला तेव्हा खरंच डोक्यावर पाऊस पडतोय असं वाटलं, फार सुंदर वाटलं मला, खोटं कशाला बोलू. पण आमचं छप्पर कौलारू. अॅटमॉसचे जे वर तोंड करून आवाज फेकणारे स्पीकर असतात त्यांना वर सपाट छत लागतं, आवाज आपटून खाली यायला, कौलांत तो कुठं जाणार देव जाणे. शिवाय बेळगावचा जुलैमधला पाऊस कौलांवर कोसळतो तेव्हा वरनं येणाऱ्या पावसाचा आवाज आम्हाला विकत घ्यायला नको. थोडक्यात ३.१. पुढचे तीन आणि एक सबवूफर, नुसत्या खालच्या जाड आवाजासाठी. ज्याला फक्त बोलणं कळायला पाहिजे त्यानं माझं ऐकावं, पाच बारक्या डब्यांपेक्षा तीन चांगले स्पीकर.

रिसीव्हर निवडताना डेनॉन, ओंक्यो, यामाहा बघितले. बहुतेकांत एक मायक्रोफोन येतो, तो खुर्चीच्या जागी ठेवला की रिसीव्हर स्वतः आवाज सोडून स्पीकरची अंतरं, पातळी सगळं मोजून घेतो, डेनॉनच्या बऱ्याच मॉडेलांत ऑडिसी, यामाहात वायपीएओ. मी यामाहावर थांबलो कारण त्यात डायलॉग लेव्हल म्हणून वेगळा पर्याय आहे. चॅनलांची संख्या मी बघितलीच नाही, बघितलं ते असं: एचडीएमआय एआरसी आहे ना, म्हणजे एका केबलनं टीव्हीचा आवाज रिसीव्हरला जातो आणि टीव्हीच्याच रिमोटनं आवाज कमी-जास्त होतो, अप्पांच्या हातात दुसरा रिमोट द्यायचा नव्हता. मोठा आवाज दाबून बारीक आवाज वर आणायची सोय, रात्रीसाठी असते ती, आम्ही दिवसाही तीच ठेवतो. आणि आवाज मागं-पुढं करायची सोय.

ही शेवटची सोय सगळ्यात महत्त्वाची ठरली. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करत बसतो, त्यामुळं चित्र थोडं उशिरा दिसतं आणि रिसीव्हरमधनं आवाज आधी येऊ शकतो. माणसाला आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढं गेला तरी जाणवतो, मागं पडला तर साधारण १२५ पर्यंत जाणवत नाही. अप्पा ओठ वाचतात. ओठ 'प' म्हणतायत आणि कानावर दुसरंच अक्षर पडतंय असं झालं की शेडात कमावलेली त्यांची सगळी विद्या वाया. डब केलेले सिनेमे त्यांना का आवडत नाहीत तेही मला तेव्हाच उमगलं. कन्नड सिनेमा कन्नडमध्ये आणि मराठी मराठीत त्यांना दोन्ही चालतं, आमच्याकडं दोन्ही भाषा घरच्याच, पण तेलुगू ओठांवर हिंदी बोलणं चढवलं की ते उठून अंगणात जातात. आम्ही समजायचो मारामारी आवडत नसेल.

एक मध्येच सांगतो, अमेरिकेतनं कुणी स्वस्तात रिसीव्हर आणून देतो म्हणालं तर मागचा आकडा बघा. तिथला १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडं २३०. थेट लावला की गेला. मलाही एक जण आणून देणार होता, नको म्हटलं. आणि जुन्या घरात अर्थिंग नीट असत नाही, आमच्यात स्पीकरमधनं सतत हूं हूं यायचं, इलेक्ट्रिशियननं अर्थिंग नवीन करून दिलं तेव्हा थांबलं.

सामान आलं ते मंगाईच्या जत्रेच्या आधीच्या आठवड्यात. स्पीकरची वायर मी १६ गेजची शुद्ध तांब्याची आणली होती, स्वस्तातल्या वायरीत आतनं अॅल्युमिनियम आणि वरनं तांब्याचा मुलामा असतो ती नाही. मी सोलायला बसलो, तारा विस्कटायला लागल्या. अप्पा खुर्चीतनं उठले, खाली बसले, माझ्या हातातनं वायर घेतली. अंगठा आणि तर्जनीत ते तांब्याचे केस धरले, जरासं थुंकी लावल्यासारखं केलं, लावली नाही, आणि एकाच पिळात सगळे एकजीव. एक केससुद्धा बाहेर नाही. चष्मा नव्हता डोळ्याला. मी त्यांना सांगितलं की एक जरी तार सुटून शेजारच्याला लागली तरी रिसीव्हर बंद पडतो, तर म्हणाले, "ताण्यात एक धागा सुटला की अख्खं कापड दिसतं की." सहा टोकांच्या बारा तारा त्यांनी पिळल्या, मी नुसते स्क्रू आवळले.

मग खोली. आमची बाहेरची खोली अकरा बाय सोळा, खाली शहाबादी फरशी, भिंती गुळगुळीत ऑइलपेंटच्या. मध्ये उभं राहून टाळी वाजवली तर टण्ण करून परत यायची. असा टणटणाट बोलण्याच्या मुळावर येतो, आधीच्या अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पडत राहते. बाजारात फोमचे तक्ते मिळतात, मला ते घरात नको होते. आईनं ट्रंकेतनं वाकळा काढल्या, तिच्या आणि आज्जीच्या जुन्या लुगड्यांच्या, चार-पाच पदरी, हातानं टाके घातलेल्या. एक फरशीवर अंथरली, एक अप्पांच्या पाठीमागच्या भिंतीवर लाकडी दांडीला टांगली, भिंतीपासून चार बोटं पुढं. परत टाळी वाजवली. टाळीचाच आवाज आला फक्त. त्या वाकळेतलं एक लुगडं आमच्याच मागावरचं आहे, आईनं बोट ठेवून दाखवलं, जांभळं, काठ विटलेला.

सबवूफर आधी कोपऱ्यात ठेवला होता, कोपऱ्यात तो फुगतो. सोळा फुटी खोलीत ३५ हर्ट्झच्या आसपासचा सूर असाही घुमतोच, त्यात कोपरा म्हणजे आगीत तेल. आणि खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो हा कानाचा धर्मच आहे. अप्पा पाच मिनिटांत म्हणाले, "ते धडधड कमी कर रे, शेडात बसल्यागत वाटायलंय." भिंतीच्या मध्यावर सरकवला, ८० हर्ट्झच्या खालचं तेवढं त्याच्याकडं सोडलं आणि पातळी खाली आणली. मधला स्पीकर शोकेसच्या खणात आत ढकलला होता, तो पुढं काठावर ओढला, खाली रबराचा तुकडा लावून तोंड थोडं वर, अप्पांच्या कानाच्या दिशेनं.

राहिलं मायक्रोफोनचं मोजमाप. त्यासाठी खोलीत शांतता पाहिजे, आणि आमच्या भिंतीला भिंत लागून शेजाऱ्यांचे माग अजून चालू आहेत. आमचे विकून आता सात वर्षं झाली, त्यांचे सहा अजून फिरतात. दोनदा लावून बघितलं, दोन्ही वेळा रिसीव्हरनं आवाज फार आहे असा इशारा दिला. मायक्रोफोन अप्पांच्या खुर्चीत, तीन पायांच्या स्टँडवर, कानाच्या उंचीला, आणि आम्ही सगळे दारात उभे, पंखा बंद, फ्रिज बंद, आई कुकरची शिट्टी काढून घेऊन. दीड वाजता ते लोक जेवायला जातात म्हणून थांबलो. मला तर एवढ्या वर्षांत तो आवाज ऐकूच येत नाही, आहे का थांबला ते कळत नाही. अप्पा पायरीवर अनवाणी उभे होते. अचानक बोट वर केलं.

"थांबले. लाव आता."

मी कान देऊन ऐकलं, खरंच थांबले होते. म्हटलं अप्पा, तुम्हाला कसं ऐकू आलं? त्यांनी पायाकडं बघितलं नुसतं.

रिसीव्हरनं टप टप, सूंई सूंई करून तिन्ही स्पीकर मोजले, अंतरं अगदी टेपनं मोजल्यासारखी बरोबर आली. त्यावर मी मधल्या स्पीकरची पातळी हातानं ३ डेसिबल वाढवली आणि डायलॉग लेव्हल एक पायरी वर. मग खुर्ची परत उलटी फिरवली आणि बातम्या लावल्या. दहातली आठ. थोड्या वेळानं परत घेतली, नऊ.

सगळं मिळून सत्तर हजारांच्या आसपास गेले, आमच्या घराला ही रक्कम लहान नाही. सगळं सुटलं असंही नाही. दोन माणसं एकदम बोलली की अजून जातं, पार्श्वसंगीत मोठं असलं की जातं, कुजबुजीचे सीन अजून मीच सांगतो. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी मालिका चालू असताना अप्पांनी मागं वळून बघितलं, मी सवयीनं सांगायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "हा खोटं बोलायलाय बघ. 'येतो' म्हणताना अडखळला." मला ते अडखळणं ऐकू आलं नव्हतं, मी फोनमध्ये होतो. फोन खाली ठेवला आणि मी पण बघत बसलो.

आता टीव्हीचा आवाज पहिल्यापेक्षा पुष्कळ खाली असतो. गल्लीत ऐकू जात नाही. परवा संध्याकाळी आम्ही दोघं बसलो होतो, बाहेर पाऊस, तर आतनं आईचा आवाज आला, तवा खाली उतरवून दारापर्यंत आली होती ती, हाताला पीठ.

"काय म्हटली रे ती? मला आत काही ऐकूच येत नाही. जरा मोठं कर की."

अप्पांनी रिमोट उचलला, दोन घरं वाढवलं आणि सून नेमकं काय म्हणाली ते शब्दाला शब्द तिला सांगितलं.